फवारणार नाही म्हणणाऱ्याचा खटला



द्राक्षाची वाइन हा काही आपल्या कोरडवाहू कपाशी-ज्वारीवाल्यांचा विषय नव्हे. तरी फ्रान्समधल्या एका द्राक्षवाल्याची हकीकत आम्ही मांडतो आहोत. कारण त्याच्यावर खटला भरला गेला तो तुडतुड्यांवरून, आणि तुडतुडा कपाशीवाल्याला सांगावा लागत नाही.

बर्गंडी प्रांतात बोन गावाजवळ एमान्युएल जिबुलो यांची सुमारे दहा हेक्टरांची घरची बाग. वडिलांनीच १९७० च्या सुमारास रासायनिक औषधे सोडली, मुलाने तीच वाट धरली. द्राक्षे घरची, वाइन घरच्या तळघरात मुरलेली, बाटलीवर नावही घरचेच. भाव त्या नावाला मिळतो. कापूस जिनिंगच्या दारात ओतला की तो कोणाचा, हे कोणी विचारत नाही. फरक इथूनच सुरू होतो.

सेंद्रिय म्हणजे काहीच फवारत नाहीत, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. तिकडचे सेंद्रिय बागवालेही गंधक मारतात आणि मोरचूद-चुना मारतात. तांब्यावर युरोपात मर्यादा आहे, सात वर्षांत हेक्टरी २८ किलो. ज्वारीच्या बियाण्याला काणीसाठी गंधक चोळणाऱ्या आपल्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

२०१३ साली त्या जिल्ह्याच्या प्रीफेक्टने, म्हणजे आपल्याकडच्या कलेक्टरसारख्या अधिकाऱ्याने, हुकूम काढला : जिल्हाभरच्या द्राक्षबागांवर तुडतुड्याचे औषध मारा. तिकडचा हा तुडतुडा वेली पिवळ्या पाडणारा रोग पसरवतो. आपल्या वांग्यावर पर्णगुच्छ येतो ना, त्याच जातीचा हा रोग. पाने गुंडाळतात, घड सुकतात, औषध नाही, वेल उपटावी लागते. पण तुडतुडा जन्मतः रोगी नसतो. रोगट वेलीचा रस शोषल्यावर महिनाभराने तो रोग पसरवू लागतो. म्हणजे रोगट वेल जवळपास नसेल तर नुसत्या तुडतुड्याने रोग होत नाही.

जिबुलोंनी फवारले नाही. सेंद्रिय शेतीत चालणारे, शेवंतीच्या जातीच्या फुलापासून काढलेले औषध होते. पण तेही मित्रकीटक मारतेच, आणि माझ्या भागात रोग सापडलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. खटला उभा राहिला. कायद्यात शिक्षा सहा महिने तुरुंग आणि ३० हजार युरो दंडापर्यंत. एप्रिल २०१४ मध्ये दिजोंच्या कोर्टाने १००० युरो दंड केला, त्यातला निम्मा स्थगित ठेवून. डिसेंबर २०१४ मध्ये अपिलात ते निर्दोष सुटले, कारण प्रीफेक्टचा हुकूमच बेकायदा ठरला.

आम्ही या माणसाच्या बाजूने आहोत. सेंद्रियाची आम्हाला भक्ती आहे म्हणून नव्हे. २०१९ साली अकोल्याकडे बंदी असलेले तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे शेतकऱ्यांनी उघडपणे पेरले, तेव्हा आपण काय म्हणत होतो? शेतात काय घालायचे ते शेतकरी ठरवील. मग काय घालायचे नाही, तेही त्यानेच ठरवायचे. पंप पाठीवर त्याच्या असतो, वास त्याच्या नाकात जातो. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचा सल्ला देणारा त्यात कोणी नव्हता.

आता शेजाऱ्याचे काय? जिबुलोंसाठी पाच लाखांवर लोकांनी सह्या केल्या, पण सही करणाऱ्या बहुतेकांची बांधापलीकडे बाग नव्हती. ज्यांची होती, त्यांच्यातले पुष्कळ जण नाराज होते, आणि त्यांचा राग खोटा नव्हता. शेजारच्या जिल्ह्यात या रोगापायी बागा उपटल्या गेल्या होत्या. तिकडे एका तुकड्यात वीस टक्के वेली रोगट निघाल्या तर सगळा तुकडा काढावा लागतो. नवी वेल लावून पीक हाती यायला तीन-चार वर्षे. अशा वेळी ‘माझे शेत, माझी मर्जी’ एवढ्यावर भागत नाही. पण त्यावरचा उपाय सरसकट हुकूम नव्हे. आधी रोग कुठे आहे ते शोधून दाखवा.

तसे करता येते, हे बर्गंडीनेच पुढच्या वर्षांत दाखवले. उन्हाळा सरता सरता गावोगावचे बागवाले एकत्र ओळीओळीने चालतात. संशयित वेलीला खूण करतात, पान तपासणीला जाते, रोग निघाला तर वेल उपटली जाते. फवारणीचे क्षेत्र त्यावरून ठरते, आणि ते कमी होत गेले. नवी कलमे लावण्याआधी ५० अंश गरम पाण्यात ४५ मिनिटे बुडवली की रोग मरतो. यात कंपनीचा डबा कुठेच नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही. आणि रोगट वेल निघाली तर ती उपटावीच लागते, मग बाग जिबुलोंची असो की शेजाऱ्याची.