कळफलक कोणाच्या बोटांसाठी?

मुंबईच्या उपनगरांत रेल्वे स्थानकांलगत एके काळी टंकलेखनाचे वर्ग चालत. अंधेरी असो वा घाटकोपर, बोरिवली असो वा मुलुंड, सायंकाळच्या गर्दीत त्या यंत्रांची टकटक मिसळून जात असे. मॅट्रिक झालेली मुले-मुली तेथे महिनोन्‌महिने बोटे वळवीत, वेगाचे प्रमाणपत्र मिळवीत आणि त्याच्या आधारावर कचेरीची पायरी चढत. गोदरेज कंपनीने १९५५ साली देशी बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणल्यावर या शिक्षणाचा प्रसार अधिकच वाढला. या यंत्राची एक अट मात्र कडक होती. प्रत्येक कळ एका लोखंडी दांडीला जोडलेली आणि दांडीच्या टोकाला अक्षराचा ठसा. अक्षराची जागा कारखान्यात ठरे. माणसाने आपली बोटे तिच्याशी जुळवून घ्यावयाची. अंध व्यक्तीही सरावाने टंकलेखन शिकत, परंतु कागदावर काय उमटले ते जाणण्यास दुसऱ्याचे डोळे लागत. ज्याचा एक हात लुळा अथवा ज्याची बोटे थरथरत, त्याला तर ही पायरी जवळजवळ बंदच होती.

संगणकाने ही लोखंडी अट मोडून टाकली. कळ दाबली असता यंत्राकडे केवळ एक संकेत जातो आणि त्या संकेताचे अक्षर कोणते करावयाचे हे आज्ञावली ठरविते. युनिकोडमध्ये ‘क’ या अक्षराचा क्रमांक ०९१५ असा निश्चित झालेला आहे. हे अक्षर दहा बोटांनी लिहिले, एका बोटाने लिहिले अथवा ब्रेलच्या सहा कळांनी लिहिले, तरी साठविलेल्या मजकुरात काडीचाही फरक पडत नाही. असे असता परीक्षागृहे आणि कचेऱ्या अद्याप कळांच्या एकाच मांडणीला आणि हातांच्या एकाच ठेवणीला प्रमाण मानून चालतात, हे आश्चर्य आहे. यंत्र बदलले, यंत्राविषयीची कल्पना तीच राहिली.

ही कल्पना किती अपुरी आहे हे दाखविणारे उदाहरण दूरचे नाही. पुण्यात १९६५ साली जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांची दृष्टी काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी पूर्णपणे गेली. वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेऊन ते पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत संगणकशास्त्र शिकावयास आले. तेथे अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी त्यांनी गणितातील वक्ररेषा ध्वनीच्या रूपाने ऐकविणारी एक आज्ञावली तयार केली. डोळस विद्यार्थी आलेख पाहतो, तो रामन यांना कानांनी समजून घ्यावयाचा होता. पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी गणिती मजकूर वाचून दाखविणारी पद्धती सिद्ध केली आणि त्या प्रबंधास असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी या संस्थेचा १९९४ चा पुरस्कार लाभला. १९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅक्सस्पीक’ ही आज्ञावली प्रसिद्ध केली. पडद्यावरील अक्षरे एकामागून एक वाचून दाखविण्याऐवजी चाललेल्या कामाचा अर्थ ओळखून बोलणारा संगणक त्यांना हवा होता. पदरची खटपट म्हणून झालेले हे काम त्यांनी पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालविले.

लेखनाच्या बाजूनेही रामन यांनी विचार केला. स्पर्शाने चालणारे दूरध्वनी आले तेव्हा अंधांची मोठीच अडचण झाली, कारण गुळगुळीत काचेवर बोटांना चाचपण्याजोगे काहीच नव्हते. गूगलमध्ये असताना रामन आणि त्यांच्या सहकाऱ्याने यावर तोडगा काढला. काचेवर बोट प्रथम जेथे टेकेल तेथे ‘५’ हा आकडा आहे असे मानावयाचे; बोट वर सरकविले की ‘२’, खाली सरकविले की ‘८’. आकडा शोधीत बोटाने फिरण्याचे कारणच उरले नाही. आकडे बोटाखाली चालत आले. ही युक्ती मोठ्या खर्चाची नाही. मात्र ती सुचण्यासाठी अडचण कोठे आहे हे अनुभवाने ठाऊक असावे लागते. २००६ साली ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने पडदावाचनाची ‘एनव्हीडीए’ ही विनामूल्य आज्ञावली लिहावयास घेतली आणि जेम्स तेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. त्यामागेही हीच प्रेरणा होती. बाजारातील साधने महाग होती आणि गरज स्वतःची होती.

ज्या पवईत रामन शिकले, तेथेच देवनागरी लेखनाचाही असाच विचार झाला. प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कीलेख’ हा वर्णमालेच्या क्रमाने मांडलेला कळफलक आणि नंतर ‘स्वरचक्र’ ही भ्रमणध्वनीवरील लेखनपद्धती तयार केली. ‘स्वरचक्रा’त व्यंजनावर बोट ठेवले की त्याची बाराखडी भोवती चक्राकार उमटते आणि बोट त्या दिशेने सरकविले की मात्रेसह अक्षर लिहिले जाते. शाळेत बाराखडी शिकलेल्या कोणालाही ही रचना नव्याने पाठ करावी लागत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात जी मांडणी आधीच आहे तिच्याकडे यंत्राने यावे, असे सूत्र त्यात आहे.

सरकारमान्य ‘इनस्क्रिप्ट’ मांडणीही तर्कशुद्ध आहे, यात शंका नाही. १९८६ च्या सुमारास भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने, आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच क्रम असे तिचे गुण आहेत. परंतु ती दोन हात गृहीत धरते. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ ही महाप्राण अक्षरे आणि श, ष, ण, ळ ही अक्षरे शिफ्टची कळ दाबून धरल्यावाचून उमटत नाहीत. ‘शाळा’ हा साधा शब्द चार कळांचा. त्यांपैकी दोन कळांना शिफ्टची जोड लागते. एकाच हाताने लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला शाळेचे नावदेखील सुखाने लिहिता येत नाही. याला उपाय आहे आणि तो जुना आहे. शिफ्ट एकदा दाबून सोडली तरी पुढच्या अक्षरापर्यंत ती दाबलेलीच मानावी, अशी सोय १९९५ पासून विंडोज प्रणालीत आहे. थरथरत्या बोटाने एकच कळ चुकून दोनदा दाबली तर दुसरा ठोका गाळण्याची सोयही तिच्यातच आहे. संगणक शिकविणाऱ्या किती वर्गांत या सोयी विद्यार्थ्यांना दाखविल्या जातात, हे शिक्षकवर्गाने स्वतःलाच विचारावे.

कायदा या बाबतीत मागे नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा अधिनियम एप्रिल २०१७ पासून अमलात आला. त्याने वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरविला आणि शासकीय नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखून ठेवल्या. केंद्राने २०१८ मध्ये परीक्षांसाठी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत उमेदवाराला स्वतःचा संगणक आणण्यास मनाई होती. मात्र कळफलक, गरजेप्रमाणे घडविलेला माऊस अशी पूरक साधने आणू द्यावीत, असे नमूद होते. लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या एका उमेदवाराला लेखनिक मिळालाच पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये दिला. हा निकाल स्वागतार्ह आहे. तथापि लेखनिक मिळणे आणि स्वतः लिहिता येणे यांत अंतर आहे. लेखनिक ऱ्हस्वदीर्घ चुकला तर गुण उमेदवाराचे जातात. शिवाय परीक्षेपुरता लेखनिक मिळेल. नोकरीत रोजच्या टिपणीसाठी तो कोण देणार? लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी महाराष्ट्रात मिनिटाला मराठीचे ३० वा इंग्रजीचे ४० शब्द ही अट चालत आली आहे. तेथे परीक्षा व्हावयाची ती लेखनाच्या वेगाची आणि शुद्धतेची. उमेदवाराने आपल्या हाताला जुळणाऱ्या मांडणीवर तो वेग गाठला, तर त्याला अपात्र ठरविण्यास कोणते न्याय्य कारण उरते?

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की आता बोलून लिहिता येते, मराठीतही २०१७ पासून ही सोय आहे; मग कळांची चर्चा कशाला? परंतु परीक्षागृहात किंवा दहा जणांच्या कचेरीत मोठ्याने बोलून गोपनीय टिपणी लिहिता येत नाही, आणि मेंदूच्या पक्षाघाताने अनेकांच्या हातांबरोबर वाणीवरही परिणाम झालेला असतो. दुसरा आक्षेप गैरप्रकाराचा. तो रास्त आहे. पण त्यावर बंदी हा उपाय नव्हे. साधन आदल्या दिवशी जमा करून घ्यावे, जाणकाराने तपासावे आणि मोहोरबंद ठेवावे. प्रश्नपत्रिकांची इतकी काळजी घेणाऱ्या यंत्रणेला हे अशक्य नाही. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: एका खटपट्या माणसाने केलेले साधन त्याच्यामागे कोण सांभाळणार? अशी पुष्कळ साधने कर्त्याचा उत्साह ओसरताच बंद पडतात, हे खरे. ‘एनव्हीडीए’ टिकली, कारण तिची आज्ञावली सर्वांसाठी खुली होती आणि देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी ती आपापल्या भाषांत नेली. तेव्हा सार्वजनिक पैशातून अशा कामास मदत देताना ते खुले ठेवण्याची अट घालणे, हेच या आक्षेपाचे उत्तर होय.

या दृष्टीने उपनगरांतच पुष्कळ करता येण्यासारखे आहे. अंधेरी, विद्याविहार, बोरिवली येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत दर वर्षी अंतिम वर्षाचे प्रकल्प होतात आणि त्यांतील बरेचसे गुण मिळताच कपाटात जातात. रामन यांची वक्ररेषा ऐकविणारी आज्ञावली हाही असाच एक विद्यार्थी-प्रकल्प होता. महाविद्यालयांनी जवळच्या विशेष शाळांशी आणि कचेऱ्यांतील दिव्यांग कर्मचाऱ्यांशी संबंध जोडून त्यांच्या प्रत्यक्ष अडचणींवर प्रकल्प द्यावेत आणि सल्लागार म्हणून त्यांनाच बसवावे. टंकलेखनाच्या परीक्षा घेणाऱ्यांनी मांडणी निवडण्याचे स्वातंत्र्य नियमांत स्पष्ट लिहावे. कार्यालयांनी नव्या कर्मचाऱ्याला टेबल-खुर्ची देताना त्याला कसा कळफलक हवा, हेही विचारावे. यासाठी लागणारा खर्च फारसा नाही. एका हाताने ‘शाळा’ लिहिणारा विद्यार्थी उद्या लिपिकाच्या परीक्षेस बसेल, तेव्हा त्याची उत्तरे तपासली जावीत. त्याची बोटे मोजली जाऊ नयेत.