रिसीव्हर लहान हवा, की खरा?

पुणे-अहिल्यानगर महामार्गावर सुप्याजवळ रात्री एखाद्या बसला अपघात झाला आणि प्रवाशाने आपत्कालीन बटण दाबले, तर मदत कुठे पोहोचणार हे हातात मावेल एवढी सर्किटची पट्टी ठरवते. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत, रिक्षासारखे अपवाद सोडले, तर स्थानदर्शक यंत्र आणि असे बटण बंधनकारक आहे. यंत्र तीस-चाळीस मीटर चुकले, तर दुभाजकाच्या अलीकडची बस नकाशावर पलीकडे दिसते. रुग्णवाहिका पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत येते. जखमी माणसाची तेवढी मिनिटे जातात.

अशा वेळी आपण उपग्रहांना बोल लावतो. अनेकदा दोष मात्र जमिनीवर, त्या पट्टीच्या आखणीत असतो. लॅपटॉपला लावायच्या पेनड्राइव्हएवढ्या यूएसबी रिसीव्हरमध्ये तो सर्वांत स्पष्ट दिसतो.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर आहेत, आपल्या ‘नाविक’चे सुमारे ३६,००० किलोमीटरवर. एका वॅटचे एक कोटी अब्ज भाग केले, तर त्यातल्या जेमतेम एका भागाएवढी शक्ती घेऊन तो संदेश आपल्यापर्यंत पोहोचतो. त्याची वेळ मोजूनच अंतर काढायचे असते. त्यात एक दशलक्षांश सेकंदाची चूक झाली, तर अंतर ३०० मीटरने चुकते.

इतका क्षीण आवाज ऐकायचा, तर आजूबाजूला शांतता हवी. पारनेरला लागून असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्यांसाठी रेडिओ गोंगाट कमी असलेली जागा शोधावी लागली. यूएसबी रिसीव्हर आपण नेमका उलट ठिकाणी खुपसतो. त्याच्या एका बोटावर प्रोसेसर, चार्जर, वायफाय आणि डेटाच्या वाहत्या तारा असतात. यूएसबी ३.० च्या तारांमधून २.४ ते २.५ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट पसरतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मांडले होते. ‘नाविक’ची एक लहर २४९२ मेगाहर्ट्झची, म्हणजे याच पट्ट्यातली आहे.

घरचा शत्रूही आहेच. यूएसबीच्या सर्किटमध्ये १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल सर्रास असतो. त्याच्या ठोक्यांचे प्रतिध्वनी १२ च्या पटीत वर चढत जातात. १२ गुणिले ९८ म्हणजे ११७६. ‘नाविक’ची मुख्य लहर आहे ११७६.४५ मेगाहर्ट्झ! २५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल घेतला, तर त्याची ६३ वी पट १५७५ येते आणि जीपीएसची लहर १५७५.४२ वर आहे. हे प्रतिध्वनी अगदी क्षीण असतात, पण उपग्रहाचा आवाज त्याहूनही क्षीण. म्हणून क्रिस्टल कुठे बसवायचा, त्याची रेघ किती आखूड ठेवायची आणि अँटेनापासून किती दूर न्यायची, हे आखणी करणाऱ्याने मोजून ठरवायचे असते.

मग अँटेना. २५ मिलिमीटरच्या चौकोनी सिरॅमिक अँटेनाला नीट काम करायला खाली साधारण ५० ते ७० मिलिमीटर रुंद तांब्याचा सलग थर लागतो. पेनड्राइव्हच्या रुंदीत दोन सेंटीमीटरही मिळत नाहीत. मग अँटेना लहान होतो, थर तुटतो, अँटेनाचा सूर सरकतो. त्यात दोन थरांची स्वस्त पट्टी घेतली, की गोंगाट अडवायला मधला तांब्याचा थरही उरत नाही. चार थरांची पट्टी, अँटेनाजवळ फिल्टर, क्षीण आवाज वाढवणारा प्रवर्धक आणि यूएसबीच्या पाच व्होल्टला गाळणारा वेगळा वीजपुरवठा, एवढे केले तर फरक पडतो. त्याला खर्च येतो आणि जागाही लागते.

म्हणूनच माझे म्हणणे असे, की लहानपणाला आपण फार भाव देतो. खरेदी करताना चिप कोणती, किती उपग्रह पकडते, एवढेच विचारतो. चिप उत्तम असूनही पट्टी वाईट असली, तर यंत्र बहिरेच. विचारायचे ते हे: चालू लॅपटॉपला किंवा चालू इंजिनाच्या गाडीत लावल्यावर संदेशाची ताकद किती दिसते? मोकळ्या आकाशाखाली रिसीव्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये हा आकडा चाळिशीच्या पुढे असावा; तिशीखाली घसरला तर काही तरी बिघडले आहे. सरकारी खरेदीच्या अटींतही ही चाचणी असावी.

ज्यांच्याकडे असा रिसीव्हर आधीच आहे, त्यांनी एक मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन वायर घ्यावी आणि तो लॅपटॉपपासून दूर, आकाश दिसेल असा ठेवावा. पुष्कळ गोंगाट त्यानेच मागे राहतो.

सुप्याची औद्योगिक वसाहत वाढते आहे. जपानी कंपन्यांसाठीही तिथे स्वतंत्र जागा आहे. बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारी एक सामायिक चाचणी-खोली तिथे उभी राहिली, तर लहान उद्योजकाला आणि पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याला आपली पट्टी तपासता येईल. ‘नाविक’ आकाशात सोडायला आपण पैसा खर्च केला. त्याचे बोलणे ऐकणारा कान इथे, महामार्गालगतच्या शेडमध्ये घडणार आहे. तो अंगठ्याएवढा नसला तरी चालेल, पण नीट ऐकणारा हवा.