ऑप्शनलपुरता समाज

उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगाने २०२३ पासून राज्य सेवेच्या मुख्य परीक्षेतून ऑप्शनल, म्हणजे उमेदवाराने स्वतः निवडायचा वैकल्पिक विषय, काढून टाकला आणि त्याच्या जागी राज्याविषयीच्या सामान्य ज्ञानाचे दोन पेपर आणले. महाराष्ट्राने मात्र २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक करताना नेमका हाच घटक, प्रत्येकी २५० गुणांच्या दोन पेपरांच्या रूपाने, आत घेतला. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत तो पूर्वीपासून आहेच. त्यामुळे लखनौच्या अभ्यासिकांत ऑप्शनल म्हणून घेतल्या जाणाऱ्या समाजशास्त्राची पुस्तके अजूनही उघडली जातात, आणि यापुढे पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांतही ती अधिक संख्येने उघडली जातील.

समाजशास्त्र का घ्यावे, या प्रश्नाला दोन्ही शहरांत मिळणारे उत्तर एकच असते: अभ्यासक्रम आटोपशीर आहे, काही महिन्यांत संपतो, आणि सामान्य अध्ययनाला व निबंधालाही उपयोगी पडतो. ही कारणे खोटी नाहीत, आणि वयाची मर्यादा, मोजके प्रयत्न व घरच्यांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेले पैसे यांच्या कात्रीत सापडलेल्या मुलांनी असा हिशेब केला म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. दोष आहे तो त्या शिकवणीचा, जी मार्क्स, दुर्खीम आणि वेबर यांना चार-चार मुद्द्यांत बसवते, त्या मुद्द्यांची घोकंपट्टी करून घेते, आणि ज्या समाजाविषयी हे शास्त्र बोलते तो अभ्यासिकेच्या दारातच उभा असताना त्याच्याकडे पाहण्याची सवय मुलांना लावत नाही.

लखनौत ही गोष्ट अधिक खटकते. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या पेपरची सुरुवात भारतीय समाजाकडे पाहण्याच्या तीन दृष्टिकोनांनी होते: प्राचीन ग्रंथ व परंपरा यांच्या आधारे समाज समजून घेणारी भारतविद्या आणि तिच्यासाठी गो. स. घुर्ये, समाजाचे घटक एकमेकांना कसे धरून ठेवतात हे पाहणारा संरचनात्मक कार्यवाद आणि त्यासाठी एम. एन. श्रीनिवास, आणि वर्गसंघर्षाच्या अंगाने मांडणी करणारे मार्क्सवादी समाजशास्त्र व त्यासाठी ए. आर. देसाई. मालवणात जन्मलेले घुर्ये मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागाचे दीर्घकाळ प्रमुख होते, आणि श्रीनिवास व देसाई हे दोघेही तेथेच त्यांचे विद्यार्थी होते. म्हणजे तिन्ही नावे एकाच विभागाशी जोडलेली आहेत, ज्याचा मराठी वाचकाला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण लखनौ विद्यापीठात त्याच काळात उभ्या राहिलेल्या परंपरेतले एकही नाव त्या यादीत नाही.

ही परंपरा लहान नव्हती. राधाकमल मुखर्जी १९२१ मध्ये लखनौला आले आणि त्यांनी अर्थशास्त्र व समाजशास्त्र एकाच विभागात नांदवले, कारण माणसाची कमाई आणि त्याचे नातेसंबंध वेगवेगळे काढून अभ्यासता येत नाहीत अशी त्यांची धारणा होती. त्यांनी बलजीत सिंह यांच्यासह खुद्द लखनौ शहराची सामाजिक पाहणी केली आणि तिचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. धूर्जटी प्रसाद मुखर्जी यांनी समाजशास्त्र परिषदेतल्या १९५५ च्या अध्यक्षीय भाषणात भारतीय समाजशास्त्रज्ञाने आधी भारतीय परंपरा जाणून घेतली पाहिजे असा आग्रह धरला, आणि स्वतः संगीत व साहित्य यांचा अभ्यास करून तो पाळला. मानववंशशास्त्रज्ञ धीरेंद्रनाथ मजुमदार यांनी लखनौजवळच्या मोहाना या गावातील जातींचे परस्परसंबंध तपासले, आणि ते पुस्तक १९५८ मध्ये आले. या तिघांनी विद्यापीठाच्या भिंतीबाहेरचा समाज अभ्यासला, आणि आज त्याच शहरातला विद्यार्थी खेड्यांच्या अभ्यासावरचे उत्तर छापील नोट्समधून पाठ करतो.

बाहेर पाहायचे म्हणजे काय पाहायचे, हे लखनौच्या चिकनकारी या भरतकामावरून नीट दाखवता येते. पांढऱ्या कापडावर छापकाम करणारा कारागीर लाकडी ठशाने निळ्या, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात नक्षी उमटवतो. मग ते कापड मध्यस्थामार्फत चौक परिसरातल्या किंवा काकोरी, मलिहाबादकडच्या गावांतल्या बायकांच्या घरी जाते. कोणी त्यावर बखिया घालते, कोणी तांदळाच्या दाण्यासारखी मुर्री उठवते, कोणी धागे सारून जाळी पाडते, आणि एकच कुर्ता अनेकदा असा हातोहात फिरतो. शेवटी धोबी तो धुऊन निळा ठसा घालवतो, खळ देऊन इस्त्री करतो, आणि तो हजरतगंजच्या किंवा अमीनाबादच्या दुकानात टांगला जातो.

अभ्यासक्रमातील निम्मे मथळे या एका कुर्त्यात सापडतात. मजुरी नगावर ठरते, करारपत्र नसते आणि काम घरातच चालते, म्हणून ते अनौपचारिक क्षेत्र. स्वयंपाक आणि मुले सांभाळून उरलेल्या वेळात केलेले म्हणून ते काम नव्हे, फावल्या वेळचा उद्योग, असे घरातलेच मानतात, म्हणून ती श्रमाची लिंगाधारित विभागणी. आणि आपण काढलेल्या जाळीचा कुर्ता दुकानात किती रुपयांना विकला गेला हे त्या बाईला बहुधा कळतच नाही, म्हणून मार्क्सने वर्णिलेली परात्मता, म्हणजे श्रमिकाची स्वतःच्या श्रमाच्या फळापासून झालेली ताटातूट. चिकनकारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि राज्य सरकारच्या २०१८ च्या ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत लखनौसाठी तिची निवड झाली. आज परीक्षा देणारा तरुण उद्या अशी योजना राबवील, तेव्हा कारागीर म्हणून नोंद सुई धरणाऱ्या बाईची करायची की माल गोळा करणाऱ्या मध्यस्थाची, हा निर्णय त्याच्या सहीने होईल, आणि त्या निर्णयावर एका घराचे कर्ज, विमा आणि मान अवलंबून असेल.

महाराष्ट्रात हा विषय राज्यसेवेत आता येत असल्यामुळे येथील शिक्षकांच्या हातात अजून संधी आहे. घुर्ये आणि मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांच्या प्रदेशातील मुलांना त्यांनी टिपणे द्यावीत, उत्तरलेखनाचा सराव घ्यावा, पण सोलापूरच्या विडी कामगार बायकांचे घर, मालेगावचा यंत्रमाग किंवा साखर कारखान्याच्या आवारातली ऊसतोड टोळीची पाले यांपैकी एक ठिकाण तरी प्रत्येक विद्यार्थ्याला पाहायला लावावे आणि त्यावर चार पाने लिहून घ्यावीत. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही विचारवंताचे मत विचारून न थांबता, ते मत उमेदवाराने पाहिलेल्या एखाद्या वस्तीला लागू पडते का, हे विचारावे. त्यामुळे चार गुण इकडचे तिकडे होतील, पण ज्यांच्या अर्जांवर हे विद्यार्थी पुढे तीस वर्षे सह्या करणार आहेत, त्या माणसांची ओळख परीक्षेआधीच झालेली असेल.