बॉयलर, आगबोट आणि कृत्रिम बुद्धिमत्ता : कायद्याला तपासनीस हवा

१/ २५ एप्रिल १८३८. अमेरिकेतील सिनसिनाटीजवळ ओहायो नदीत ‘मोझेल’ ही नवीकोरी आगबोट काठ सोडते आणि क्षणार्धात तिचे बॉयलर फुटतात. शंभराहून अधिक माणसे दगावतात. कृत्रिम बुद्धिमत्तेवर कायद्याचा अंकुश असावा का, या आजच्या वादात ही जुनी घटना आठवणे अगत्याचे आहे.

२/ आगबोटींनी अमेरिकेचा अंतर्भाग व्यापारासाठी खुला केला होता. साहजिकच नियमांना विरोध होता. खासगी मालमत्तेत सरकारने हात घालू नये, हा युक्तिवाद तेव्हाही ऐकू येत असे.

३/ बॉयलर का फुटतात, यावरही एकमत नव्हते. म्हणून फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने १८३० च्या दशकात सरकारी पैशातून प्रयोग केले. नियमनाआधी ज्ञान हवे, हा पहिला धडा.

४/ जुलै १८३८ मध्ये कायदा झाला. तपासणी सक्तीची झाली. परंतु तपासनीसाची पात्रता कोणती आणि बॉयलरची कसोटी कोणती, हे नीट ठरलेच नाही. दाखले मिळत राहिले, बॉयलरही फुटत राहिले.

५/ ही उणीव १८५२ च्या कायद्याने भरून काढली. पाण्याच्या दाबाखाली बॉयलरची चाचणी, इंजिनियर व सुकाणूधारकांना परवाने आणि सर्वांवर देखरेखीसाठी ९ पर्यवेक्षक निरीक्षक. कायद्याला आता डोळे आणि हात मिळाले.

६/ युरोपीय संघाचा कृत्रिम बुद्धिमत्ता कायदा १ ऑगस्ट २०२४ रोजी अस्तित्वात आला. त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. जोखमीनुसार वर्गवारी, काही वापरांवर थेट बंदी आणि सर्वांत गंभीर उल्लंघनासाठी ३.५ कोटी युरो किंवा जागतिक उलाढालीच्या ७ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी तेवढ्यापर्यंत दंड. कागद भक्कम आहे. पण यंत्रणा उघडून पाहू शकेल असा जाणकार तपासनीस नसेल, तर तो १८३८ चाच कायदा ठरेल.

७/ कोणी म्हणेल, संगणकप्रणाली म्हणजे बॉयलर नव्हे. खरेच नव्हे. बॉयलर फुटला की गावभर आवाज होतो. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन भत्त्याच्या अर्जांची जोखीम ठरवण्यासाठी करखात्याने संगणकीय प्रणाली वापरली. हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा खोटा ठपका आला, अनेक कर्जात बुडाली. त्या प्रकरणी जानेवारी २०२१ मध्ये सरकारने राजीनामा दिला. तोवर कित्येक वर्षे लोटली होती.

८/ माझे मत स्पष्ट आहे. नियमन प्रगतीचा शत्रू नव्हे. तपासणीनंतरही आगबोटी धावतच राहिल्या. मात्र जेथे स्फोटाचा आवाजच होत नाही, तेथे आवाजाची वाट पाहणारा कायदा नेहमीच उशिरा पोहोचेल. तपासनीस आधी हवा.