डिपॉझिट सोडू नका, ती तुमची पहिली वसुली आहे!



कर्ज काढायच्या आधी आपले अडकलेले पैसे मोकळे करा, हे मी नेहमी सांगतो. आज अशाच एका रकमेबद्दल बोलूया. शिक्षण संपलं, पुण्यातला फ्लॅट सोडला, आता धंदा सुरू करायचाय. पण डिपॉझिट मालकाकडेच! "जाऊ दे, कोण भांडत बसणार?" असं म्हणून बरेच जण गावी निघून जातात. माझं मत स्पष्ट आहे: आज जो डिपॉझिट सोडतो, तो उद्या गिऱ्हाइकाकडची उधारीही सोडतो.

साधा हिशोब बघा. तिघांनी मिळून 60,000 रुपये दिले, म्हणजे प्रत्येकी 20,000. एवढ्यात चांगलं शिलाई मशीन येतं. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करारावर स्टॅम्प ड्युटी काढताना सरकारसुद्धा परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज धरतं. 60,000 वर 11 महिन्यांचे झाले 5,500. तुमच्या बिनव्याजी पैशाचा फायदा मालकाला मिळालाच आहे. वर मुद्दलही सोडायचं?

मग वसुली कशी करायची?

1. कागद बघा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणी केलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर मालक उलट सिद्ध करत नाही तोवर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे "ॲग्रीमेंटच नाही" म्हणून घाबरायचं कारण नाही. पण पैसे दिल्याचा पुरावा हवाच, म्हणून डिपॉझिट कधीही रोख देऊ नका.

2. राहायला जाताना आणि सोडताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढा. नळ, पंखे, भिंती, मीटरचं रीडिंग, सगळं.

3. घर सोडतोय हे करारातल्या मुदतीत लेखी कळवा. व्हॉट्सॲप चालेल, नुसता फोन नको.

4. कपात झाली तर बिल मागा. रंगकामाचे पैसे कापायचं करारात लिहिलं असेल तर ते द्यावे लागतील, म्हणून सही करायच्या आधी वाचा. तुम्ही काही मोडलं असेल तर तेही भरा. हिशोब दोन्ही बाजूंनी चोख हवा.

5. चावी आणि पैसे एकाच दिवशी, समोरासमोर. "पुढच्या महिन्यात टाकतो" म्हणाले तर तारीख लिहून घ्या. तारीख उलटली की वकिलाची नोटीस पाठवा.

यात भांडण कुठेच नाही. कागद, तारीख, पाठपुरावा, बस्स! उद्या दुकानाची उधारी वसूल करताना हेच तर करायचंय.

आणि तुमच्यापैकी ज्यांना पीजी किंवा मेस चालवायचीय, त्यांनी नीट ऐका. पोरांचं डिपॉझिट म्हणजे तुमचा गल्ला नाही, ती तुमच्या डोक्यावरची देणी आहेत. ते वेगळ्या खात्यात ठेवा आणि सोडताना त्याच दिवशी परत करा. जो मुलगा पैसे मोजून घेऊन खुशीत जातो, तोच पुढच्या वर्षी गावाकडची चार पोरं तुमच्याकडे पाठवतो. यापेक्षा स्वस्त जाहिरात नाही!