वाण घडते बांधीत, हक्क ठरतो कागदावर

नवीन शोध लावायचा तर मोठी प्रयोगशाळा लागते, असा आपल्याकडे समज आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावाने तो केव्हाच खोटा ठरविला आहे. तिथले दादाजी खोब्रागडे हे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ मध्ये पटेल-३ धानाच्या बांधीत त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दुसरा कोणी असता तर कापणीत घालून मोकळा झाला असता. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढल्या हंगामात निराळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत राहिले. दाणा बारीक निघाला, भात चवीला सरस. १९९० च्या सुमारास हा धान बाजारात गेला. तेव्हा एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून धानालाही तेच नाव पडले.

पुढे १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाच्या सिंदेवाही केंद्राने प्रयोगासाठी बियाणे नेले आणि १९९८ मध्ये ‘पीकेव्ही एचएमटी’ हे वाण प्रसारित झाले. आपले श्रेय गेले, ही दादाजींची तक्रार. आम्ही बियाणे शुद्ध करून सुधारले, ही विद्यापीठाची बाजू. वाद काहीही असो, मुळात अडचण अशी की मूळ निवड कोणाची, हे सांगणारी सरकारी नोंद दादाजींच्या हाती नव्हती. आणि तशी नोंद करून देणारा कायदाच त्या वेळी देशात नव्हता. २००५ मध्ये राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. ३ जून २०१८ रोजी ते गेले. धान मात्र अजून पिकतो आहे.

आता कायदा आहे

पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा २००१ मध्ये संसदेने केला. त्यात शेतकऱ्यालाही वाणाचा निर्माता मानले आहे. वाण इतरांहून वेगळे हवे, सारखे हवे आणि पिढ्यान्‌पिढ्या तसेच टिकणारे हवे. शेतकरी वाणाला ‘अगदी नवे’ असण्याची अट नाही, म्हणजे गावात आधीपासून पेरले जात होते एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही. शेतकऱ्याला फी माफ आहे. नोंद झाली की हंगामी पिकाला १५ वर्षे, झाडे व वेलींना १८ वर्षे संरक्षण मिळते.

शेजाऱ्याचे काय, असे कोणी विचारील. कलम ३९ प्रमाणे शेतकऱ्याला घरचे बियाणे राखता, पेरता, बदलता आणि विकताही येते. फक्त ब्रँडचे लेबल लावून विकता येत नाही. म्हणजे नोंदणीने गावची देवाणघेवाण बंद पडत नाही.

अवजाराचे गणित उलटे

कोणी नवे कोळपे किंवा पेरणी यंत्र बनविले, तर त्याला पेटंटचा कायदा लागू होतो. पेटंट २० वर्षांचे. (बियाणे आणि शेती करण्याची पद्धत यांना मात्र आपल्याकडे पेटंट नाही.) इथे नवेपणाची अट कडक आहे. आधी मेळाव्यात दाखविले, फोटो छापून आणला आणि मग अर्ज केला, तर हक्क हातचा जाऊ शकतो. खर्चाची व चाचण्यांची सोय नसेल तर आधी तात्पुरता अर्ज करावा. सविस्तर कागद द्यायला १२ महिने मिळतात. म्हणून अवजाराच्या बाबतीत आधी अर्ज, मग कौतुक.

पंचायतीचे काम

शेतकरी वाणाच्या अर्जावर पंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची किंवा जिल्हा कृषी अधिकाऱ्याची शिफारस चालते. पण किती गावांत ही समिती कागदापुरतीच आहे, हे सरपंचांनी स्वतःला विचारावे. कोणाच्या शेतात वेगळे काही दिसले, तर साल, पेरणीची जागा, मूळ वाण आणि पाहणाऱ्यांच्या सह्या वहीत लिहून ठेवायला काय खर्च येतो? बियाणे कोणी प्रयोगासाठी मागितले तर जरूर द्यावे, पण किती दिले, कोणाला दिले, कशासाठी दिले, याची पोच घ्यावी.

दादाजींनी तीन लोंब्या ओळखल्या. तशी नजर असलेली माणसे प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्या कष्टाची नोंद करायची वही तेवढी गावाने उघडायची आहे.