किनारा खुला, राखणदार नाही

दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की ताम्हिणी, वरंधा, आंबा, फोंडा या घाटांतून गाड्यांची रांग कोकणात उतरते. सहलीचा बेत ठरलेला असतो. सकाळी जंजिरा नाहीतर सिंधुदुर्ग, दुपारी घरगुती खानावळीत सुरमईचे ताट, आणि उन्हे कलली की पोरांना घेऊन पाण्यात. खानावळीला परवाना लागतो, किल्ल्याच्या होडीलाही लागतो. ज्या पाण्यात हजारो माणसे लेकराबाळांसह उतरतात, त्या पाण्याची जबाबदारी मात्र नेमकी कोणाची, हे मालवणपासून अलिबागपर्यंत कोणी छातीठोकपणे सांगत नाही. आम्ही हे आजच लिहितो आहोत, कारण दुर्घटनेनंतर लिहिलेल्या अग्रलेखांनी कोणाचे मूल परत येत नाही.

मुरुडच्या किनाऱ्यावर 1 फेब्रुवारी 2016 रोजी पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील 14 विद्यार्थी बुडाले. 14 मार्च 2020 रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट कलंडली. त्या दिवशी पोलिसांची गस्ती नौका जवळपास होती, म्हणून बोटीवरचे सर्व 88 जण वाचले. बंदोबस्त असला की काय होते, याचा हा दाखला. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा डायव्हिंगच्या पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, आणि तेही ज्या गावात शासनाचे स्कूबा डायव्हिंगचे प्रशिक्षण केंद्र आहे त्या गावात. 18 डिसेंबर 2024 रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि 15 जण गेले. धडक नौदलाच्या बोटीची, हे खरे. पण 84 प्रवाशांची परवानगी असलेल्या बोटीवर शंभराहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हते, हेही तितकेच खरे. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. सक्ती नेहमी ‘त्यानंतर’च का होते?

होडीचे नियम निदान कागदावर आहेत. किनाऱ्यावरून थेट पाण्यात शिरणाऱ्या कुटुंबासाठी तेही नाहीत. गणपतीपुळ्याचेच घ्या. कोकणातल्या कोळ्यांचा जुना हिशेब असा, की अमावास्या किंवा पौर्णिमेपासूनच्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहाच्या सुमारास, चतुर्थीला तीनच्या आगेमागे. म्हणजे अंगारकीला दुपारनंतर ओहोटी लागते, आणि दर्शन, मोदक, जेवण आटोपलेली गर्दी नेमकी तेव्हाच पाण्यात असते. ही वेळ पंचांग उघडून वर्षभर आधी सांगता येते. तरीही देवळाच्या वाटेवर प्रसादाच्या, शहाळ्याच्या आणि राहण्याच्या पाट्या जेवढ्या दिसतात, तेवढी ठळक भरती-ओहोटीची पाटी दिसत नाही. कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाणारे लोक परतीची वेळ चुकून दरवर्षी अडकतात. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर खडकांवरून लाटेने माणसे ओढून नेली आहेत. ही माहिती गावातल्या शेंबड्या पोरालाही असते, फक्त घाटावरून आलेल्या पाहुण्याला नसते.

त्यातून समुद्र फसवतो तो खवळलेल्या जागी नाही. लाटांबरोबर किनाऱ्याला आलेले पाणी परतताना एखाद्या खोलगट पट्ट्यातून जोरात आत ओढले जाते. तिथे लाटा फुटत नाहीत, पाणी निवांत दिसते आणि आईबाप मुलांना मुद्दाम तिथेच उतरवतात. ओढीत सापडलेला माणूस सरळ किनाऱ्याकडे हात मारत राहतो आणि दमून बुडतो. काठाला समांतर पोहत बाजूला झाला तर बहुधा सुटतो. पण घाबरलेल्या माणसाला हे त्या क्षणी सुचत नाही. त्याला सांगायला काठावर कोणी उभे असावे लागते.

तो माणूसच नाही. काही ग्रामपंचायतींनी पदरमोड करून जीवरक्षक नेमले, तेही हंगामापुरते आणि तुटपुंज्या मानधनावर. बाकी ठिकाणी बुडणाऱ्याला बाहेर काढतो तो जवळचा कोळी किंवा बनाना राइड चालवणारा पोरगा. मेरीटाइम बोर्ड होड्यांकडे बघते, पोलीस पंचनाम्याला येतात, पर्यटन विभाग जाहिराती करतो आणि ग्रामपंचायत पार्किंगची पावती फाडते. पैसे घेणारे हात पुष्कळ आहेत, दोर टाकणारा एकही नाही.

शेजारच्या गोव्याने 2008 सालीच किनाऱ्यांचे जीवरक्षण एका संस्थेकडे सोपवले आणि त्याचा खर्च सरकारने उचलला. तिथेही माणसे बुडतात, पण तिथे झेंडे असतात आणि शिट्टी वाजवून बाहेर हाकलणारा माणूस असतो. आपल्याकडे 2025 मध्ये पर्नाका, श्रीवर्धन, नागाव, गुहागर आणि लाडघर या पाच किनाऱ्यांना ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले, त्याचे सत्कारही झाले. त्या मानांकनाच्या अटींत जीवरक्षक आणि बचावसाहित्य येते. परदेशी झेंड्यासाठी जे पाच ठिकाणी जमते, ते गणपतीपुळे, काशीद, हरिहरेश्वर, तारकर्लीला कायमस्वरूपी का जमू नये? पैसा नाही, हे उत्तर आम्ही ऐकणार नाही. पार्किंग आणि प्रवेशशुल्काचा पैसा आधी जीवरक्षकाच्या पगाराकडे वळवा, सुशोभीकरणाचे बाक नंतर बसवा.

जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्ट्या सुरू होण्याआधी प्रत्येक गर्दीच्या किनाऱ्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव आणि फोन नंबर असलेला फलक लावावा, त्यावर रोजची भरतीची वेळ खडूने लिहावी. याला निविदा लागत नाही. आणि वाचकहो, सरकार जागे होईपर्यंत एवढे पाळा: किनाऱ्यावर गेल्यावर आधी जीवरक्षक कुठे आहे ते विचारा. नाही असे उत्तर आले, तर मुलांना घोट्याच्या वर पाण्यात जाऊ देऊ नका.